बालाघाटावरचं गावाचं हॉटेल: चहा चांगला, कारभार त्याहून चांगला

बीड जिल्ह्यातल्या केज-अंबाजोगाई पट्ट्यात, मुख्य रस्ता सोडून थोडं आत, बालाघाट डोंगररांगेच्या माथ्यावरच्या एका गावात एसटी थांब्याला लागून हे हॉटेल आहे. दारावर पाटी नाही. सगळे त्याला 'गावाचं हॉटेल' म्हणतात, आणि मालकीनंही ते गावाचंच आहे. जुना मालक थकला, पोरं पुण्याला लागली, कुलूप पडलं. मग गावकऱ्यांनी भागभांडवल गोळा करून सहकारी संस्था काढली, ग्रामपंचायतीचा गाळा भाड्यानं घेतला आणि भट्टी परत पेटवली. वर्गणीवर उघडलेली अशी हॉटेलं उत्साह ओसरला की बंद पडतात. हे चालू आहे, आणि त्याची कारणं बाकड्यावर बसून मोजता येतात.

आधी चहा, कारण गावातलं हॉटेल चहावर जगतं किंवा मरतं.

इथं चहा दोन लिटरच्या पातेल्यात होतो, त्याहून मोठं भांडं भट्टीवर चढत नाही. माप ठरलेलं आहे: एक लिटर दूध, सहाशे मिलि पाणी, दीडशे ग्रॅम साखर, पस्तीस ग्रॅम दाणेदार पत्ती आणि वीसेक ग्रॅम ठेचलेलं आलं. पाणी, आलं आणि पत्ती आधी दोन-तीन मिनिटं उकळतात, दूध नंतर. दूध पडल्यावर दोन उकळ्या आणि लगेच गाळणी. आटून चौदाशे मिलिच्या आसपास चहा हाती येतो, म्हणजे सत्तर-ऐंशी मिलिचे अठरा ग्लास. बंद पडत चाललेल्या हॉटेलात नेमकं उलट घडतं. गिऱ्हाईक कमी म्हणून सकाळीच मोठं पातेलं भरतात आणि दुपारपर्यंत तोच चहा तापवत राहतात. पत्ती न गाळता चहा उकळत राहिला की तुरट-कडू होतो, तो कडूपणा झाकायला साखर वाढते, आणि साखरेनं तोंड मिठ्ठ झालेलं गिऱ्हाईक दुसरा कप मागत नाही. थोडा-थोडा चहा करण्यात माणसाचा वेळ जातो खरा, पण याच एका सवयीनं इथला दुपारी तीनचा चहा सकाळी सहाच्या चहासारखाच लागतो.

पाण्याचीही इथं नीट सोय आहे. डोंगरावरच्या बोअरचं पाणी जड. अशा पाण्यात चहाचा रंग मातकट येतो, वर तवंग धरतो आणि पातेल्याच्या बुडाला पांढरी पुटं चढतात. म्हणून चहाला गावातल्या आरओ प्लांटचा वीस लिटरचा जार आणि धुण्याला बोअर, असे दोन वेगळे साठे केलेत. एका घाण्याला सहाशे मिलि धरलं तर एका जारमध्ये तेहतीस घाणे निघतात. कपामागं हा खर्च नगण्य आहे. पुटं काढायला आठवड्यातून एकदा लिंबूफूल घातलेलं पाणी पातेल्यात उकळतात. ग्लास मात्र अजून एकाच बादलीत विसळले जातात. दोन बादल्या हव्यात, एक साबणाची आणि एक स्वच्छ पाण्याची, आणि दुसरीचं पाणी सारखं बदललं पाहिजे. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की पहिली काटकसर या बादलीतच होते, म्हणून हे ठणकावून सांगतोय.

भजे सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी पाचनंतर मिळतात. कांद्याचे भजे घ्या. कांदा लांब चिरून मीठ लावून दहा मिनिटं ठेवतात, सुटलेल्या पाण्यातच बेसन कालवतात, वरून पाणी जवळजवळ नाहीच. एक किलो कांद्याला अर्धा किलोच्या आतबाहेर बेसन, ओवा, तिखट, मूठभर कोथिंबीर आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. सोडा घालत नाहीत, आणि ते बरोबर आहे. सोडा जास्त झाला की भजे फुगतात, मऊ पडतात आणि तेल पितात. मिरचीचे भजे मात्र फसलेले आहेत. मिरचीला चीर देऊन बी काढतात, पण आत काही भरत नाहीत. शिवाय पीठ पातळ असल्यानं आवरण मिरचीवरून सरकतं. चिंच-जिऱ्याचं सारण आणि थोडं घट्ट पीठ, एवढ्यानं काम होईल.

तेलाची शिस्त चांगली आहे. रोजचं तळण संपलं की तेल गार करून फडक्यानं गाळतात; खाली बसलेला जळका चुरा दुसऱ्या दिवशीच्या तेलाला लवकर काळं करतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं वापरलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. ती मोजायचं यंत्र गावात नसतं, तेव्हा डोळ्यांनी आणि नाकानं ओळखायच्या खुणा भिंतीवर लिहून ठेवल्यात: तेल तापण्याआधीच धूर, पदार्थ सोडल्यावर न विरणारा फेस, काळपट रंग, चिकट बोट, खवट वास. यातली कोणतीही खूण दिसली की कढई रिकामी. जुन्या तेलात नवं ओतत राहायचं नाही, कारण जुनं तेल नव्यालाही लवकर बिघडवतं.

फोडणीच्या मुरमुऱ्यांची सुशीला ही इथली खरी ओळख आहे. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच काढायचे, दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढायचं. बुडवून ठेवले की लगदा झालाच म्हणून समजा. फोडणीत मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांदा आणि हळद. मुरमुरे परतून झाले की वरून डाळव्याची पूड. ही पूड उरलेला ओलावा शोषते आणि दाणा न् दाणा मोकळा राहतो. बऱ्याच ठिकाणी खर्च वाचवायला पूडच गाळतात आणि मग सुशीला ओलसर लागते. इथं ती असते. पुढ्यात आल्यावर लगेच खा, दहा मिनिटांनी मुरमुरे वातड होतात.

आता कारभाराकडे, कारण या हॉटेलची खरी शाबासकी तिथं आहे.

जागा ग्रामपंचायतीची, भाडेकरार संस्थेच्या नावे, आणि संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली. नोंदणीला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. भाग कितीही असोत, माणशी मत एकच. नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, दरवर्षी लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा. हे सोपस्कार जड वाटतात आणि चार मित्रांची भागीदारी हलकी वाटते. पण भागीदारीत एकाचं बिनसलं की हॉटेलला कुलूप लागतं. इथं एक सभासद रुसला तर तो राजीनामा देतो आणि भट्टी पेटलेलीच राहते. सचिवाला कागद सांभाळता येत नसतील तर मात्र या वाटेला जाऊ नये. लेखापरीक्षण थकलं की संस्था कागदोपत्री आजारी पडते, आणि मग बँकेपासून भाडेकराराच्या नूतनीकरणापर्यंत सगळं अडतं.

गावानं एकत्र येऊन बसायची जागा वाचवायची, ही कल्पना इंग्लंडात चांगली रुजली आहे. तिथल्या खेड्यातला पब म्हणजे आपलं हॉटेल, पार आणि चावडी यांची मिळून एक जागा. कम्ब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावानं आपला 'ओल्ड क्राउन' २००३ साली सहकारी तत्त्वावर घेतला. यॉर्कशायरच्या हडस्वेल गावातला 'जॉर्ज अँड ड्रॅगन' २००८ साली बंद पडला, गावकऱ्यांनी भाग काढून तो विकत घेतला आणि २०१० साली उघडला. तिथं छोटं वाचनालय आणि दुकानही आहे, आणि २०१६ साली 'कॅमरा' या ग्राहक संघटनेनं त्याला देशातला सर्वोत्तम पब ठरवलं. त्यांच्या पाठीशी कायदाही आहे. २०११च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टनुसार पब 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून पाच वर्षांसाठी नोंदवता येतो. मालकानं तो विकायला काढला की स्थानिक गटाला सहा आठवड्यांत आपली इच्छा कळवता येते, आणि मग एकूण सहा महिने विक्री थांबते. या सहा महिन्यांत गाव पैसे उभे करतं. मात्र मुदत संपल्यावर मालकानं गावालाच विकावं, असं बंधन नाही. सरकारनं २०२१ साली त्यासाठी १५ कोटी पौंडांचा निधीही काढला होता, तो डिसेंबर २०२४मध्ये बंद झाला.

आपल्याकडे विक्री अशी थांबवून धरणारा कायदा नाही. म्हणून या गावानं खासगी जागा न धरता ग्रामपंचायतीचा गाळा धरला, हा निर्णय मोलाचा आहे. खासगी जागेतलं हॉटेल चालायला लागलं की जागामालक भाडं वाढवतो किंवा मोबाइलच्या दुकानाला जागा देतो, आणि गावाच्या हाती फक्त बाकडी उरतात. पंचायतीच्या गाळ्याला ग्रामसभेच्या ठरावाचा आधार राहतो. सरपंच बदलला तरी टिकायचं असेल तर भाडेकराराची मुदत आणि नूतनीकरणाची अट ठरावातच यायला हवी. इथं ती आहे.

पब आणि हॉटेल यांत एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवावा लागतो. आपल्या गावांत बायांनी लढा दिला तो दारूचं दुकान बंद करण्यासाठी. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की मतदान घेता येतं, आणि एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दारूबंदीच्या चिन्हाला, पडली की दुकान उठतं. तेव्हा इंग्लंडातून घ्यायचं ते भागांचं आणि कारभाराचं. बसायची जागा आपली चहाचीच राहिली पाहिजे.

हडस्वेलकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट या हॉटेलात आपसूक आली आहे. तिथं इमारत गावाची, पण पब चालवायला भाडेकरूकडे दिलेला. इथंही मालक सगळं गाव आणि गल्ल्यावर एकच माणूस. तो सभासद आहे पण संचालक नाही. त्याला महिन्याचा ठरलेला पगार आणि ठरावीक विक्रीच्या वर जाईल त्यात हिस्सा. 'आज तू, उद्या मी' अशा पाळीवर चालणारी हॉटेलं बुडतात, कारण पहाटे पाचला उठून दूध घेणं कुणाच्याच अंगावर पडत नाही, आणि चहाची चव रोज बदलते. संचालकांना इथं चहा फुकट नाही, पैसे टाकूनच प्यायचा. हा नियम छोटा दिसतो, पण नऊ संचालक दिवसाला दोन-दोन कप प्यायले की महिन्याला पाचशे चाळीस कप जातात.

हिशेब कपावरच मांडावा. दूध ५० रुपये लिटर धरलं तर कपामागं दुधाचे पावणेतीन रुपये. साखर, पत्ती, आलं आणि गॅस मिळून आणखी दोनच्या आसपास. दहा रुपयांच्या कपात पाच रुपये उरतात. चालवणाऱ्याचा पगार १२ हजार, मदतनीसाचे ६ हजार, भाडं आणि वीज मिळून २ हजार धरले, तर महिन्याचा बांधील खर्च २० हजार. म्हणजे महिन्याला चार हजार कप, दिवसाला एकशे तेहतीस. भज्यांची मिळकत यात धरायची नाही, ती तेलाच्या भावावर हलते. तिच्याकडे दुरुस्तीचा निधी म्हणून पाहावं. ज्या गावात दिवसाला सव्वाशे-दीडशे कप खपायची खात्री नाही, तिथं पूर्णवेळ हॉटेल उघडू नये. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते आठ एवढंच ठेवावं आणि मदतनीसाचा पगार वाचवावा.

या गणिताला बीड जिल्ह्यात मोठा तडा जातो तो ऊसतोडीचा. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांवर निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं राहतात. हंगामात खप खाली येणार हे धरूनच संस्थेनं दोन गोष्टी केल्यात. त्या महिन्यांत हॉटेल दुपारी बंद असतं, आणि पावसाळ्यातल्या चांगल्या महिन्यांची शिल्लक वेगळ्या खात्यात टाकून त्यातून हिवाळ्याचे पगार भागवतात. ज्यांनी हा खड्डा धरला नाही, त्या हॉटेलांत डिसेंबरात दूधवाल्याची बाकी थकते, जानेवारीत दूधवाला दूध बंद करतो, आणि पुढचं सांगायला नको.

उधारीची वहीही ऊसतोडीच्याच चालीवर बांधली आहे. उधारी देतच नाही म्हणणारं हॉटेल खेड्यात चालत नाही. हातात पैसा रोज येत नाही, तो आठवडी बाजारी, मजुरीच्या दिवशी किंवा सोयाबीन विकल्यावर येतो. इथं एका खात्याला ३०० रुपयांची मर्यादा आहे. बाजारच्या दिवशी खातं निम्मं तरी उतरवायचं, आणि ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हाती आली की टोळीबरोबर निघण्याआधी पूर्ण मिटवायचं. नोंद गिऱ्हाइकासमोर होते आणि तो शेजारी सही किंवा अंगठा करतो. थकबाकीदारांची नावं फळ्यावर लावत नाहीत. हे योग्यच, गावात नाव लागलं की माणूस पैसे देण्याऐवजी रस्ता बदलतो. वही दर सोमवारी दोन संचालक तपासतात, पण दोघंही एकाच गल्लीतले आहेत. एक तरी दुसऱ्या वस्तीतला असावा.

फोनवरून पैसे घेण्याचा क्यूआर कोड संस्थेच्या बँक खात्याचा आहे, चालवणाऱ्याच्या फोनचा नाही. असं हॉटेल काढणाऱ्या प्रत्येकानं हे पहिल्या दिवशी करावं. कोड एका माणसाच्या खात्याला जोडला की महिनाअखेरीस त्याचे घरचे पैसे आणि हॉटेलचे पैसे वेगळे करताना प्रामाणिक माणसावरही संशय येतो. रोजचा गल्ला, फोनवरची जमा आणि उधारी असे तीन आकडे रात्री फळ्यावर लिहितात. महिन्याचा जमाखर्च त्याच फळ्यावर आठवडाभर राहतो.

सामानात जिथं पैसा घालायला हवा तिथं घातलाय. दोन तोंडांची व्यावसायिक शेगडी, १९ किलोच्या दोन टाक्या, एक चालू आणि एक भरलेली. घरगुती १४.२ किलोची टाकी हॉटेलात वापरणं बेकायदा आहे, आणि धाड पडली तर नुकसान सगळ्या सभासदांचं. टाक्या भिंतीबाहेर जाळीच्या कपाटात, नळी नारिंगी सुरक्षा नळी, तिच्यावर बसवल्याची तारीख रंगवलेली. पाच वर्षांनी ती बदलायची. अन्नसुरक्षा नोंदणीचं प्रमाणपत्र काउंटरच्या मागं लावलं आहे. चूक झाली आहे ती धुराड्यात. पत्र्याच्या छपराखाली कढई ठेवली आणि वर फक्त भोक पाडलं. संध्याकाळी तळण सुरू झालं की आतल्या बाकांवर डोळे चुरचुरतात आणि पत्र्यावर तेलकट थर साचतो. कढईच्या वर छत्रीसारखा हूड बसवून त्याचा पाइप छपराच्या वर दोन-तीन फूट न्यायला हवा, आणि तो उघडून धुता येईल असा असावा.

सगळ्यात मोठी उणीव बायांची. सभासदांत बाया आहेत, भागही त्यांच्या नावे आहेत, पण बाकावर बाई दिसत नाही. एसटीची वाट पाहणाऱ्या बाया झाडाखाली उभ्या राहून चहा पितात. कारणं उघड आहेत: एकच खोली, दारातच पुरुषांचे बाक, तंबाखूच्या पिचकाऱ्या आणि स्वच्छतागृह नाही. पूर्वेकडच्या भिंतीला दुसरं दार पाडून थांब्याच्या बाजूनं ओसरी काढली, दोन बाक टाकले आणि मागं स्वच्छतागृह बांधलं, तर दिवसाला वीस-पंचवीस कप सहज वाढतील. सभासद असलेल्या बाईला आपल्याच हॉटेलात बसता येत नसेल, तर गावाचं हॉटेल म्हणण्यात अर्धं गाव सुटतं. स्वच्छतागृहाच्या ठरावाला वार्षिक सभेत मंजुरी आहे. पाण्याची टाकी पाचशे लिटरचीच असल्यानं काम अडलं आहे. दोन हजार लिटरची टाकी आधी, बांधकाम नंतर, असा क्रम लावावा.

जाणाऱ्यांसाठी: पहाटे साडेपाचला पहिला घाणा निघतो, रात्री आठला भट्टी विझते, दिवाळीनंतर दुपारी बारा ते चार बंद. बाजारच्या दिवशी सुशीला साडेनऊपर्यंत संपते. वेळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणाला, दिवसभर कुलूप असतं, त्या दिवशी सगळा गाव शिवारात असतो. मोटारसायकल थांब्याच्या आत लावू नका, एसटी वळवायला जागा पुरत नाही. चहा हाप मागितला तरी मिळतो, सहा रुपयांना.